जुन्या रेडिओचे सुटे भाग घेताना डब्या फेकू नका (व्हॉल्व्ह, कंडेन्सर, डायल आणि त्यांची खोकी)

लघुलहरी

जुन्या सामानाच्या विक्रीत रेडिओचा माल सहसा एकाच मोठ्या खोक्यात कोंबलेला असतो, व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या), गुंता झालेल्या वायरी, दोन-चार नॉब, एखादी गँग (स्टेशन लावताना फिरणारा पात्यांचा कंडेन्सर), मातकट झालेल्या आयएफटी (धातूच्या डबीतल्या छोट्या कॉइल) आणि मधे मधे पुठ्ठ्याच्या चिमुकल्या डब्या. मग होतं काय, घेणारा व्हॉल्व्ह बाहेर काढतो आणि डब्या तिथल्या तिथं टाकून देतो, म्हणतो जागा खातात. विकणाराही तेच करतो, काच वेगळी मांडली की माल जास्त दिसतो म्हणून. माझं कळकळीचं सांगणं आहे की हे करू नका. डबी आणि तिच्यातली वस्तू ही जोडी आहे, ती एकदा फुटली की दोन्हींची निम्मी माहिती गेली आणि ती परत जुळवता येत नाही.

डबीवर काय काय असतं बघा. झाकणावर टाइप नंबर, कधी छापलेला तर कधी रबरी शिक्क्याचा. कंपनीचं त्या काळचं चिन्ह आणि रंगसंगती, जी काही वर्षांनी बदलत गेली, त्यामुळे निदान दशकाचा अंदाज येतो. पेटंटचे नंबर, गॅरंटीचा मजकूर, कुठल्या देशात बनला ते. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मेकॅनिकनं पेन्सिलीनं लिहिलेलं, तारीख, टेस्टरवरचं रीडिंग, 'कमजोर' किंवा 'खरखर' असा एखादा शब्द.

आता दुसरी बाजू. डबी नवी म्हणून आतला माल नवा असं मुळीच धरून चालू नका. दुरुस्तीवाले नवा व्हॉल्व्ह रेडिओत बसवायचे आणि काढलेला जुना त्याच डबीत घालून ठेवायचे, ही अगदी सर्रास पद्धत होती. म्हणून डबी उघडली की सावकाश बघा. आधी झाकणाची घडी, एकदाच दुमडलेली आहे की पुठ्ठा पार मऊ होऊन तंतू सुटलेत. मग पिना. न वापरलेल्या व्हॉल्व्हच्या पिना एकसारख्या रंगाच्या असतात, सॉकेटमधे जाऊन आलेल्यांवर उभे बारीक ओरखडे असतात, उजेडात तिरका धरला की लगेच दिसतात. मग काच, आतल्या प्लेटच्या (धातूच्या पत्र्याच्या) समोरच्या बाजूला तपकिरी-राखाडी झाक आली असेल तर तो बराच तापलेला आहे. आणि वरचा तो चंदेरी आरशासारखा डाग, गेटर, आत उरलेली हवा शोषणारा थर. तो चकचकीत हवा. दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. हे सगळं वीज न लावता, उभ्या उभ्या बघता येतं.

तुमच्याकडे काय काय सापडलंय ते टाका इथं.

खरखर

छान धागा. माझ्या मनातला प्रश्न विचारतो. डबीवर एका कंपनीचं नाव आणि काचेवर दुसऱ्याच कंपनीचं असेल तर काहीतरी गडबड आहे असं समजायचं का? माझ्याकडे एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह आहे, काचेवरचं नाव अर्धं पुसलेलं, पण खाली बुडाशी बारीक राखाडी अक्षरांत दोन ओळी आहेत, दुसरी ओळ बी९के४ अशी वाचता येते. डबी साधी तपकिरी, कंपनीचं नावच नाही.

चासीवाला

खरखर, गडबडच असते असं नाही. व्हॉल्व्ह कंपन्या एकमेकींकडून सर्रास माल घ्यायच्या आणि आपलं नाव छापायच्या. एखादीकडे त्या टाइपचं उत्पादन नसायचं, एखादीचा साठा संपलेला असायचा. त्यामुळे मोठ्या अक्षरातलं नाव म्हणजे विकणारी कंपनी, बनवणारी कुठली ते बारीक कोड सांगतो.

तुमचा कोड फिलिप्स गटाचा आहे, मुलार्ड त्यातलीच. पहिल्या ओळीत टाइपची खूण, दुसऱ्या ओळीत कारखाना, वर्ष, महिना, आठवडा. बी म्हणजे इंग्लंडमधला ब्लॅकबर्नचा मुलार्ड कारखाना. छोटा त्रिकोण असता तर हॉलंडमधलं हेर्लेन. मग ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा, के म्हणजे अकरावा महिना, नोव्हेंबर, आणि ४ म्हणजे चौथा आठवडा. आता गोची अशी की वर्षाचा एकच आकडा असल्यामुळे ते १९५९ ही असू शकतं आणि १९६९ ही. काचेवरून एवढंच कळतं. डबीवर अजून काही आहे का, चिठ्ठी, शिक्का, काहीही?

अमेरिकन मालाची पद्धत वेगळी. तिथं उत्पादकाला तीन आकडी कोड दिलेला असायचा आणि पुढे वर्ष नि आठवडा. २७४ म्हणजे आरसीए, १८८ जनरल इलेक्ट्रिक, ३१२ सिल्व्हेनिया, ३२२ टंग-सोल. आणि हे फक्त व्हॉल्व्हवर नाही, कंट्रोल (नॉबमागचे फिरवायचे भाग), स्पीकर सगळीकडे. व्हॉल्यूम कंट्रोलच्या पाठीवर १३७६४३२ असं सलग लिहिलेलं दिसलं की १३७ म्हणजे सीटीएस, १९६४ सालचा ३२वा आठवडा. ३०४ स्टॅकपोल. स्पीकरच्या चौकटीवर २२० असेल तर जेन्सन. खोक्यात सुट्टे पडलेले कंट्रोल आणि स्पीकर कुठल्या काळातल्या रेडिओचे ते अशानं ठरवता येतं.

मॅजिक_आय

चासीवाले दादा मस्त माहिती 👌 यात टेलिफंकनची भर घालते. त्यांच्या छोट्या व्हॉल्व्हच्या बुडाला, पिनांच्या मधोमध, काचेतच उठावाचा चौकोन असतो, डायमंड म्हणतात त्याला. काच ओतताना साच्यातूनच आलेला असतो त्यामुळे बोटाला लागतो आणि पुसून जात नाही. त्या चौकोनामुळे भाव येतो म्हणून नकली मालही खूप फिरतो, नुसतं बाजूचं छापलेलं नाव बघून घेऊ नका. डब्यांच्याही नव्या नकला छापतात. पांढराशुभ्र पुठ्ठा, कडा धारदार, शाईचा रंग अगदी एकसारखा, आणि आत मात्र पिवळटलेला व्हॉल्व्ह, असं दिसलं की दोनदा विचार करा.

खरखर

आणि काचेवरचं पुसट नाव साबणाच्या पाण्यानं जरा साफ केलं तर नीट वाचता येईल का?

मॅजिक_आय

नाही नाही नाही, पाणी लावूच नका!! जुन्या व्हॉल्व्हवरची छपाई इतकी कच्ची असते की नुसता अंगठा फिरवला तरी जाते. बोटांनी काच धरूच नका, बुडाशी धरा. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं, तीही अक्षरं सोडून. पुसट आकडा वाचायचा असेल तर थोडा वेळ फ्रीजरमधे ठेवा, बाहेर काढलात की काचेवर दव धरतं आणि जिथं शाई होती तिथं ते वेगळं धरतं, तेवढ्या वेळात आकडा उमटतो. मोबाईल हातात तयार ठेवा, पटकन फोटो काढा कारण दव लगेच उडून जातं.

सोल्डरचा_धूर

मी जरा विरोधात बोलतो, राग मानू नका. रेडिओ वाजला पाहिजे, बाकी पुठ्ठा सांभाळून काय करायचंय? माझ्याकडे येतो तो माल मी टेस्ट करतो, चालतो तो ठेवतो, न चालणारा टाकतो. डब्यांना कपाट अडकवून ठेवणं मला पटत नाही. आणि डबीबंद माल म्हणून लोक डोळे झाकून घेतात आणि फसतात. सीलबंद डबीतला पेपर कंडेन्सरसुद्धा (वीज साठवणारा, आत कागदाचे थर असलेला भाग) मेलेलाच असतो हे कुणी सांगत नाही.

लघुलहरी

राग कसला, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे आणि तो मोठ्या अक्षरात लिहून ठेवण्यासारखा आहे. मेणातले पेपर कंडेन्सर वापरात असोत नाहीतर डबीत, कागद ओल धरतो आणि ते गळके होतात. स्प्रेगचे ते काळे चकचकीत मोल्डेड 'ब्लॅक ब्युटी' दिसायला इतके देखणे की टाकवत नाहीत, पण गळतात. आणि हा कंडेन्सर आऊटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या जाळीवर, कपलिंगला (मागच्या भागातला सिग्नल पुढे पोचवायला) असेल तर थोडीशी गळतीसुद्धा महाग पडते, ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह बेफाम करंट ओढतो आणि मग आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, जो आता सहज मिळत नाही. इलेक्ट्रोलिटिकचंही तसंच, वर्षानुवर्षं पडून राहिला की आतला ऑक्साइडचा थर जातो, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटतो. उलट सिल्व्हर मायका बहुतेक चांगले निघतात. मुलार्डचे मोहरीच्या रंगाचे पॉलिएस्टर आणि ते रंगीत पट्ट्यांचे, ज्यांना ट्रॉपिकल फिश म्हणतात, तेही टिकाऊ. मायकात फक्त एक बघा, मायकामोल्ड कंपनीचे काही चपटे तपकिरी तुकडे मायकासारखे दिसतात पण आत कागद असतो, ते बदलाच.

पण डबीचं म्हणाल तर मी तिथं ठाम आहे. वाजतो की नाही ते टेस्टर सांगतो, पण हा व्हॉल्व्ह कुठून आला, कशासाठी ठेवला होता, कुणी कधी तपासला, हे टेस्टर सांगत नाही. जागेची अडचण असेल तर डबीचे सहाही बाजूंनी फोटो काढा आणि डबी ज्याला हवी त्याला द्या, कचऱ्यात मात्र नको.

चासीवाला

+१. आणि कार्बन रेझिस्टन्स पण घ्या त्यात. पुठ्ठ्याच्या पट्टीवर टाचलेले नवेकोरे मिळतात, छान दिसतात, पण कार्बन कॉम्पोझिशनचे असतील तर हवेतली ओल धरून बहुतेकांची ओहममधली किंमत वर सरकलेली असते. प्रत्येक मोजून मगच लावा. पट्टी मात्र फोडू नका, तिच्यावर कंपनी आणि टॉलरन्स (किंमत किती टक्के इकडंतिकडं असू शकते ते) लिहिलेलं असतं.

खरखर

चासीवाले दादा, डबी नीट पाहिली आत्ता. एका बाजूला बाणासारखी खूण आहे, वर सीव्ही४९२ आणि आणखी आकडे, आणि चिकटवलेल्या चिठ्ठीवर पॅकिंगचं साल १९६२.

चासीवाला

वा! मग सुटला प्रश्न. सीव्ही४९२ हा ईसीसी८३ चाच ब्रिटिश लष्करी नंबर आणि ती बाणाची खूण म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. आता बघा, १९६२ साली पॅक झालेल्या डबीत १९६९ चा व्हॉल्व्ह असणार नाही, म्हणजे बी९के४ हे १९५९ चा नोव्हेंबर. अर्थात मधे कुणी अदलाबदल केलेली नसेल तर, म्हणून पिना आणि काच लघुलहरींनी सांगितल्याप्रमाणे बघून घ्या. एकट्या काचेवरून हे कधीच ठरलं नसतं.

अमेरिकन लष्करी माल असेल तर डबीवर जेएएन लिहिलेलं सापडेल, आर्मी आणि नेव्हीचं सामायिक मानक. जुन्यावर व्हीटी नंबर असतात, व्हीटी-२३१ म्हणजे ६एसएन७जीटी, व्हीटी-१०७ म्हणजे ६व्ही६. ज्यांना हे नंबर माहीत नसतात ते अशा डब्या बाजूला सारतात, त्यामुळे ढिगात शोधायला हेच पाठ ठेवा.

सोल्डरचा_धूर

हे मात्र पटलं. बी९के४ चं उदाहरण चांगलं आहे, डबी फेकली असती तर साल कळलंच नसतं. लष्करी डब्या मी ठेवीन आता.

तिसरा_बँड

मी नवीन आहे या छंदात. ईसीसी, ईएल, यूएल, १२एएक्स७ हे सगळं डोक्यावरून जातं. थोडक्यात कुणी सांगेल का, विक्रीत उभं राहून काय बघायचं?

मॅजिक_आय

सांगते. युरोपियन नंबरात पहिलं अक्षर हीटरचं, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचं. ई म्हणजे ६.३ व्होल्ट, डी म्हणजे १.४ व्होल्ट, बॅटरीवरचे. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरवर सिरीजमधे चालणारे, जे ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी रेडिओत येतात. पुढची अक्षरं आत काय आहे ते सांगतात, सी ट्रायोड, एल आऊटपुट पेंटोड, एफ पेंटोड, बी दोन डायोड, एम मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा पडदा). डायोड, ट्रायोड, पेंटोड म्हणजे आत अनुक्रमे दोन, तीन, पाच इलेक्ट्रोड. मग आकडा, ३ नं सुरू झाला तर ऑक्टल (जाड बुडाचे आठ पिनी), ४ नं तर रिमलॉक (काचेच्या बुडाचे, बारीक आठ पिनी), ८ नं नऊ पिनी, ९ नं सात पिनी. म्हणजे ईसीसी८३ वाचलं की ६.३ व्होल्ट, दोन ट्रायोड, नऊ पिना. यूएल४१ म्हणजे सिरीज हीटरचा आऊटपुट, रिमलॉक. अमेरिकन पद्धतीत सुरुवातीचा आकडा साधारण हीटरचं व्होल्टेज. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच आहेत (त्याचा हीटर ६.३ आणि १२.६ दोन्ही व्होल्टवर जोडता येतो), ६बीक्यू५ आणि ईएल८४ एकच.

मीटर खिशात असेल तर हीटर तुटलाय का ते जागच्या जागी बघता येतं. नऊ पिनीमधे बहुतेकदा ४ आणि ५, ऑक्टलमधे बरेचदा २ आणि ७, पण ६एसएन७ ला ७ आणि ८. डी मालिकेचे फिलामेंट फार नाजूक, तिथं डिजिटल मीटरच वापरा.

लघुलहरी

मॅजिक आय ताई, तुमच्या नावाचा व्हॉल्व्ह सापडला तर मात्र फक्त हीटर बघून घेऊ नये एवढं जोडतो 🙂 ६ई५ हा पहिला, आरसीएनं १९३५ साली आणला. यांचा हिरवा पडदा वापरून वापरून मंद होतो, हीटर मात्र ठणठणीत दाखवतो. पडदा उजळला की नाही हे चालवूनच कळतं. अशा वेळी डबी आणि पिना न वापरलेल्या वाटल्या तर हुरूप येतो.

आयएफटी_पिवळी

व्हॉल्व्हचंच चाललंय, ट्रान्झिस्टरवाल्यांना पण जागा द्या. १९५४ मधे रिजेन्सी टीआर-१ आला, चार ट्रान्झिस्टरचा, तिथून पुढचं सामान आता या खोक्यांत जास्त येतंय. सुट्ट्या मालात ओसी७१, ओसी४४, ओसी४५ असतात, काचेच्या नळीवर काळा रंग दिलेले. तो रंग शोभेचा नाही, जर्मेनियमवर उजेड पडला तर ट्रान्झिस्टर त्याला प्रतिसाद देतो म्हणून दिलेला आहे. त्यामुळे 'साफ करू' म्हणून खरवडू नका.

आणि एएफ११४ ते एएफ११७ या मालिकेबद्दल खास सांगायचंय, चार पायांचे, धातूच्या टोपीतले. यांच्या डबीबंद, न वापरलेल्या नगांवरही विसंबू नका. टोपीच्या आतल्या बाजूनं कथलाचे केसापेक्षा बारीक तंतू वाढतात आणि आतल्या जोडण्यांना शॉर्ट करतात, नुसतं पडून राहूनसुद्धा. टोपी आणि बाकीच्या तीन पायांत मीटर लावून बघा, तिथं काहीही दाखवायला नको. रेडिओत बसलेला असेल आणि आवाज गेला असेल तर चौथा, म्हणजे टोपीला जोडलेला पाय कापला की पुष्कळदा रेडिओ परत बोलतो. टिचकी मारून किंवा करंट देऊन तंतू जाळतातही, पण ते पुन्हा वाढतात.

जपानी सेटमधल्या छोट्या चौकोनी धातूच्या डब्यांतल्या कॉइलच्या वरच्या स्क्रूचे रंग पण सांगून ठेवतो, लाल ऑसिलेटर, मग पिवळी, पांढरी, काळी या क्रमानं आयएफटी. चारही एकाच सेटमधल्या असतील तर सुट्ट्या करून ठेवू नका, जोडीनं ठेवा.

आणि पॅकिंग! ट्रान्झिस्टरचं चामडी कव्हर, इअरफोनची चिमुकली थैली, घडीचा सर्किटचा कागद. तो कागद खोक्याच्या तळाशी चिकटलेला असतो आणि लोक तो न बघताच खोकं फेकतात. सर्किट हाती असलं की दुरुस्तीचं निम्मं काम झालं.

तिसरा_बँड

डायलची काच मिळाली आहे मला, रेडिओ नाही नुसती काच. खूप घाण आहे. ही तरी धुवू शकतो ना?

मॅजिक_आय

पुढची बाजू ओलसर कापडानं, मागची अजिबात नाही. स्टेशनांची नावं आणि आकडे मागून छापलेले असतात, जुना रंग काचेवरून सुटत आलेला असतो, पाणी लागलं की अख्खं शहर उतरून येतं कापडावर. मागून फक्त फुंकर आणि मऊ ब्रश.

काच एकटी असली तरी बोलते बरं का. ६४० आणि १२४० किलोहर्ट्झवर छोटे त्रिकोण असतील तर तो अमेरिकेतला १९५३ ते १९६३ मधला रेडिओ, हल्ल्याच्या वेळी ऐकायच्या कॉनेलरॅडच्या (सरकारी इशारा व्यवस्थेच्या) त्या खुणा. युरोपियन काचेवर हिल्व्हरसम, लक्झेंबर्ग अशी नावं ओळीनं असतील तर ती कुठल्या आकड्यापाशी आहेत ते टिपा, कारण कोपनहेगनची फ्रिक्वेन्सी योजना १५ मार्च १९५० ला लागू झाली आणि बऱ्याच स्टेशनांच्या जागा हलल्या. त्याच्या आधीची काच की नंतरची ते यावरून काढता येतं.

सोल्डरचा_धूर

सुरक्षिततेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्या डायलच्या काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल तर त्यात रेडियम असू शकतं, खरवडू नका, धूळ श्वासात जाऊ देऊ नका. कॅबिनेटच्या आत उष्णतेसाठी लावलेला पांढरट राखाडी कागद ॲसबेस्टॉसचा असू शकतो. पंख असलेले सेलेनियम रेक्टिफायर जळाले की अत्यंत घाण आणि विषारी धूर येतो, घरात तपासत बसू नका. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट मेन्सला, म्हणजे घरच्या विजेला, जोडलेली असते, नॉब निघालेला असेल तर उघड्या दांड्याला, त्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

आयएफटी_पिवळी

जुन्या ड्राय बॅटऱ्यांचं काय करता सगळे? ९० व्होल्टची मोठी पुठ्ठ्याची मिळाली आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, बर्जेसची. वरून बरी दिसते, एका कोपऱ्यातून हिरवट काहीतरी बाहेर आलंय.

लघुलहरी

हातमोजे घालून हाताळा. त्या पट्ट्या बर्जेसची ओळखच आहेत, पुठ्ठा नक्की वाचवा. तळाची चिकटवलेली पट्टी पातळ पात्यानं सावकाश सोडवा, आतला माल काढून बॅटरीच्या कचऱ्यात द्या, गळलेला तसाच ठेवला तर पुठ्ठाही खाऊन टाकतो आणि शेजारच्या वस्तूही. मग रिकाम्या खोक्यात आजच्या नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमधे जोडून बसवा, ९० व्होल्ट झाले, जुना व्हॉल्व्हचा पोर्टेबल चालवता येतो आणि बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. जोडताना बॅटऱ्यांची टोकं आतल्या आत एकमेकींना लागू देऊ नका, ९० व्होल्टचा झटका चांगलाच बसतो.

तिसरा_बँड

आणि ठेवायचं कसं हे सगळं? रबरबँड लावून डब्या एकत्र बांधल्या तर?

मॅजिक_आय

रबरबँड नको, चिकटपट्टी त्याहून नको. रबर वितळून पुठ्ठ्याला चिकटतं, पट्टीचा गोंद पिवळा पडतो आणि काढताना छपाई घेऊन येतो. सुती दोरा बांधा सैलसर. कोरड्या जागी, उन्हापासून लांब, लाल आणि निळी शाई उन्हात पार विटते. व्हॉल्व्ह डबीत हलत असेल तर मूळची पन्हाळी पुठ्ठ्याची गुंडाळी शोधा, नसेल तर साधा मऊ कागद. आणि घरी आणल्यावर माल वेगळा करायच्या आधी अख्ख्या खोक्याचा वरून एक फोटो, कुठली डबी कशाशेजारी होती ते त्यात राहतं.

खरखर

शेवटचं विचारतो, नुसत्या रिकाम्या डब्या मिळाल्या तर घ्यायच्या का? पुढच्या विक्रीत एकाकडे पिशवीभर आहेत असं कळलंय.

चासीवाला

घ्या, पण आधी त्याला विचारा की त्यातले व्हॉल्व्ह कुठे गेले. पुष्कळदा दुसऱ्या ट्रेमधे तेच पडलेले असतात आणि जोड्या तिथंच लावता येतात. न सापडले तर रिकामी डबी रिकामी म्हणूनच ठेवा, दुसऱ्या कुठल्या तरी व्हॉल्व्हला घालून पुढे विकू नका. घालायचाच असेल तर व्हॉल्व्हचा कोड आणि 'डबी मूळची नाही' असं एका चिठ्ठीवर लिहून आत टाका. पिशवी बघून आलात की झाकणांवरचे नंबर इथं टाका, आपण मिळून बघू.